डीएनए टेस्टबद्दल काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं रक्त-लघवी तपासणीचं कलेक्शन सेंटर चिपळूणला आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि वकील तर नाहीच, पण काउंटरवर बसलं की लोक काहीही विचारतात, आणि मे महिन्यात नाहीतर गणपतीत चाकरमानी गावी आले की डीएनएचे प्रश्न एकदम वाढतात (बहुतेक जमिनीवरनं). तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

डीएनए म्हणजे काय ते शाळेसारखं न सांगता सांगा.

तुमच्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत साधारण ३०० कोटी अक्षरांचा मजकूर आहे, त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. कुठल्याही दोन माणसांचा मजकूर साधारण ९९.९ टक्के सारखाच असतो, मग तो मालवणचा असो की मॉस्कोचा. उरलेल्या ०.१ टक्क्यात तीसेक लाख फरक बसतात आणि सगळ्या टेस्ट चालतात त्या ह्याच फरकांवर.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण निम्मे घोळ तिच्यामुळे होतात. डॉक्टरला हवी असलेली टेस्ट, कोर्टाला हवी असलेली टेस्ट आणि "आमचे पूर्वज कुठले" ही टेस्ट, तिघींना डीएनए टेस्टच म्हणतात पण तिघी वेगवेगळ्या जागा वाचतात. डॉक्टर आजाराचा ठराविक जीन (म्हणजे मजकुरातला कामाचा एक तुकडा) वाचून घेतो. कोर्टासाठी वीसेक ठराविक जागा बघतात, जिथे एकच छोटा तुकडा पुनःपुन्हा येतो आणि किती वेळा येतो ते माणसागणिक बदलतं, त्यातून आजाराबद्दल काहीच कळत नाही. पूर्वजांसाठी लाखो जागा बघून तुलना करतात. त्यामुळे "ताई, बाप कोण ते बघताना जरा शुगरचं पण बघून द्या" हे होत नाही.

काका म्हणतात हा आमच्या भावकीतलाच नाही, सातबाऱ्यावर नाव लावू देणार नाही. टेस्ट केली की प्रश्न सुटेल ना?

बहुतेक वेळा नाही. सातबाऱ्यावर नाव लागतं ते वारस नोंदीने आणि फेरफाराने, तलाठी तुमच्या लाळेकडे बघत नाही. शिवाय कायद्याने दत्तक घेतलेल्या मुलाला रक्ताच्या मुलासारखाच हक्क आहे, तिथे डीएनए जुळणारच नाही आणि जुळायची गरजही नाही. आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, तिथे डीएनएबद्दल कुणाला शंका नसते तरी बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतातच, असो.

शास्त्राचं विचाराल तर वाय क्रोमोसोम (फक्त पुरुषांत असणारा डीएनएचा एक गठ्ठा) बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा जातो, म्हणून दोन पुरुष एकाच पुरुष-वंशातले असू शकतात का ते कळतं. पण सख्खा चुलत भाऊ आणि पाच पिढ्यांपूर्वीची भावकी ह्यातला फरक त्यातून नीट निघत नाही. दोघे एकाच खापरपणज्याचे हे कळलं तरी आंब्याची बाग कुणाची ते कळत नाही.

मूल माझं आहे की नाही ते बघायचंय. कोर्टात चालेल असा रिपोर्ट तुम्ही देता का?

आम्ही नाही देत. कोर्टात चालणारा रिपोर्ट हवा तर आधी कोर्टाचा आदेश लागतो, मग ओळखपत्र बघून, फोटो आणि सह्या घेऊन, साक्षीदारांसमोर नमुना काढून सील करतात, आणि ते सील लॅबमध्ये फुटेपर्यंत कुणाच्या हातात होतं त्याची नोंद ठेवतात. घरी मुलाच्या गालातून कापसाचा बोळा फिरवून कुरियरने पाठवला तर उत्तर येईल, पण तो बोळा त्याच मुलाचा होता हे कोण सांगणार?

आणि कोर्ट असा आदेश सहज देत नाही. लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यावर २८० दिवसांत जन्मलेलं मूल (आईने मध्ये दुसरं लग्न केलेलं नसेल तर) नवऱ्याचंच असं कायदा धरून चालतो, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६. हे मोडायचं तर त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे दाखवावं लागतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात म्हटलं की डीएनए रिपोर्ट समोर असेल आणि तो गृहीतकाच्या विरुद्ध असेल तर विज्ञानाला मान द्यावा. पण २०२३ मध्ये त्याच कोर्टाने हेही बजावलं की नवरा-बायकोच्या भांडणात सरसकट मुलांच्या टेस्ट करायच्या नाहीत, मुलालाही खासगीपण आहे. माझं मत विचाराल तर हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण आमच्याकडे येणारे बरेचसे लोक संशय घेऊन येतात आणि त्या संशयाचं मुलाशी काही देणंघेणं नसतं.

रिपोर्टवर ९९.९९ टक्के लिहितात, मग उरलेलं ०.०१?

बाप नसेल तर रिपोर्ट सरळ "नाही" म्हणतो, तिथे टक्के नसतात. असेल तर एवढ्या जागा योगायोगाने जुळायची शक्यता किती नगण्य आहे त्यावरून तो आकडा काढतात. मात्र संशयित बाप आणि त्याचा सख्खा भाऊ असे दोन उमेदवार असतील तर हे लॅबला आधीच सांगा. आणि जुळे भाऊ, एकाच फलित अंड्यातून झालेले, तर नेहमीची टेस्ट हात टेकते.

गुन्ह्यात डीएनए पहिल्यांदा कधी वापरला? आपल्याकडे कधी आला?

इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज ह्या शास्त्रज्ञांना १० सप्टेंबर १९८४ ला डीएनए ठशांची कल्पना सापडली. तिथल्याच दोन मुलींच्या खुनात पोलिसांनी एका १७ वर्षांच्या पोराला पकडलं होतं, त्याने एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएने सांगितलं की हा तो नव्हेच. म्हणजे ह्या शास्त्राने पहिल्याच खून-प्रकरणात आधी निर्दोष माणूस सोडवला, मग हजारो पुरुषांचे नमुने घेतले, त्यातही खऱ्या खुन्याने आपल्या जागी सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवलं होतं, ते फुटलं आणि १९८८ मध्ये शिक्षा झाली.

आपल्याकडे हे आणलं हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेतल्या डॉ. लालजी सिंग ह्यांनी, आणि त्याची गोष्ट कोकणातल्या माणसाला आवडेल अशी आहे. ते काम करत होते सापांवर! पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमध्ये पुनःपुन्हा येणारा एक तुकडा त्यांना सापडला होता, तोच माणसांचे डीएनए ठसे घ्यायला कामी आला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केरळात थलशेरीच्या एका पितृत्वाच्या दाव्यात तो पुरावा वापरला गेला, पुढे राजीव गांधी हत्या आणि दिल्लीचं तंदूर प्रकरण ह्यातही. आपल्या पडवीत मण्यार दिसली की काठी आधी आठवते, पण काय करणार.

घटनास्थळी डीएनए सापडला म्हणजे गुन्हेगार तोच ना?

म्हणजे त्याचा डीएनए तिथे पोचला, एवढंच. कधी पोचला, कसा पोचला, तो स्वतः आला होता की त्याचा टॉवेल आला होता, हे रिपोर्ट सांगत नाही. जर्मनीत काही वर्षं पोलीस एका बाईच्या मागे होते, घरफोडीपासून पोलिसाच्या खुनापर्यंत चाळीसेक ठिकाणी तिचाच डीएनए. २००९ मध्ये उलगडा झाला की अशी गुन्हेगार बाई नव्हतीच, नमुना घ्यायचे कापसाचे बोळे पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे.

दुसरीकडे, अमेरिकेत १९८९ पासून शेकडो कैदी डीएनएमुळे निर्दोष सुटलेत, त्यातले काही फाशीची वाट बघत होते. हत्यार तेच, बघणारे आणि नमुना सांभाळणारे कोण ह्यावर सगळं.

आपल्याकडच्या पावसात पुरावा टिकतो का?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण कुणी विचारत नाही, एका होमगार्डने विचारला होता. डीएनएचे तीन शत्रू, ओल, ऊन आणि बुरशी, आणि जुलैत कोकणात ह्यातलं ऊन सोडून सगळं घाऊक मिळतं. रक्ताचा कपडा ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली की आत घाम सुटतो आणि थोड्याच दिवसांत बुरशी धरते, मग लॅबला मिळतो तो जिवाणूंचाच डीएनए. बरोबर पद्धत अशी की कपडा सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवायचा, मग कागदी पाकिटात घालायचा, प्रत्येक वस्तूला वेगळं पाकीट, सील, सही, तारीख. ग्लोव्हज दर वस्तूला बदलायचे. कुणाच्या घरी तसा वाईट प्रसंग आला, विशेषतः अत्याचाराचा, तर कपडे धुवू नका, अंघोळ करू नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा. उशीर झाला असेल, अंघोळ झाली असेल तरी जाच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी यायलाच हवं असं म्हटलंय, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. नमुने आपल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, मुख्यालय मुंबईत कालिन्याला.

दर्यात गेलेला माणूस बरेच दिवसांनी सापडला तर ओळख पटते का?

पटते, बहुतेक वेळा. सावित्रीवरचा महाडचा पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाहून गेला तेव्हा मृतदेह खाडीतून वाहत समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले होते, तेव्हापासून हा प्रश्न येत राहतो. खारं पाणी आणि मासे चेहरा, कातडी, बोटांचे ठसे घालवतात, पण दाढ आणि मांडीचं हाड आतला डीएनए फार काळ जपून ठेवतात. तुलनेला आई, वडील किंवा मुलं हवीत. बायकोचा नमुना उपयोगाचा नाही (हे दरवेळी सांगावं लागतं), पण तिच्याबरोबर मुलांचा असेल तर उपयोग होतो. नुसता भाऊ-बहीण असेल तर आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मदतीला येतो, तो फक्त १६,५६९ अक्षरांचा पण एका पेशीत शेकडो-हजारो प्रती असल्यामुळे जुन्या हाडातही तग धरतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात बहुतेकांची ओळख नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवूनच पटली.

अजून एक. माणूस बेपत्ता झाला तर त्याचा टूथब्रश, दाढीचं ब्लेड, कंगवा फेकू नका, कागदात गुंडाळून ठेवा. नुसत्या तुटलेल्या केसांचा उपयोग कमी, मुळासकट हवेत.

लग्नाआधी डीएनए टेस्ट करावी का?

आधी साधी टेस्ट करा. हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची तपासणी असते, तिच्यात थॅलेसेमिया मायनर आणि सिकल सेल हे आई-बापांकडून येणारे रक्ताचे दोष दोन्ही कळतात. एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टरांना विचारा. मायनरवाल्या माणसाला काहीच होत नसतं, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि कित्येक बायका वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात बसतात तरी ते वाढत नाही कारण कारण दुसरंच असतं. पण दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता की मूल मेजर होईल, म्हणजे महिन्या-महिन्याला रक्त चढवणं. तेव्हा खरी डीएनए टेस्ट लागते, गरोदरपणाच्या साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा छोटा तुकडा घेऊन.

छत्तीस गुण जुळवायला लोक पत्रिका घेऊन जिल्हा पालथा घालतात, ही एक तपासणी केली तर बिघडलं कुठे? मामेबहिणीशी वगैरे लग्न ठरत असेल तर नक्कीच करा, सख्ख्या मामे-आते भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा डीएनए सामाईक असतो. सिकल सेलसाठी तर केंद्राने १ जुलै २०२३ ला मोहीमच सुरू केली, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवून. आपल्या बाजूला पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांना तिचा जास्त संबंध येतो.

गरोदर बाईच्या रक्तातून बाळाचा डीएनए कळतो म्हणे. मुलगा की मुलगी?

डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टींची शक्यता कळते, दहाव्या आठवड्यानंतर. मुलगा-मुलगी सांगणं गुन्हा आहे, १९९४ चा केंद्राचा कायदा आहे आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच केला होता. पुढचा प्रश्न.

मलेरियाच्या गोळ्यांआधी डॉक्टरने जी६पीडी का सांगितली?

व्हायवॅक्स मलेरिया परत उलटू नये म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस देतात. ज्यांच्यात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी, त्यांच्या तांबड्या पेशी ह्या गोळीने फुटतात, लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद होते, कावीळ दिसते. हा जीन एक्स क्रोमोसोमवर असल्याने पुरुषांना त्रास जास्त. टेस्ट एन्झाइमची असते, स्वस्त आहे, करून घ्या. औषध आणि जीन ह्यांचं नातं म्हणतात ते हेच. अँजिओप्लास्टीनंतर देतात त्या क्लोपिडोग्रेलचंही तसंच, काहींच्या शरीरात ती गोळी नीट कामालाच लागत नाही, आणि असे लोक आशियात बरेच आहेत.

टीबीची थुंकी तपासतात तोही डीएनए का?

हो, पण जंतूचा. औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही त्याच दिवशी कळतं, पूर्वी कल्चरला आठवडेच्या आठवडे जायचे. ट्रूनॅट नावाचं बॅटरीवर चालणारं छोटं मशीन आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीने बनवलंय, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केलं. लाईट गेली तरी चालतं, म्हणजे आपल्यासाठीच बनवलं असं समजा. करोनाची आरटीपीसीआर हीसुद्धा ह्याच घराण्यातली.

घरात कॅन्सर आहे. माझी टेस्ट करू?

स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. आई-मावशीला तरुण वयात झाला असेल, अंडाशयाचा झाला असेल, घरात पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर बीआरसीए ह्या जीनच्या टेस्टचा विचार करा, आणि शक्यतो आधी जिला आजार झालाय तिची करा. तिच्यात बिघाड सापडला तर तुमच्यात तेवढाच शोधायचा. न विचारता पॅकेज घेतलं तर रिपोर्टवर "अर्थ अनिश्चित" असा शेरा येऊन तुमची झोप उडेल. उलट बाजूने, बिघाड सापडला म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही.

हृदयाचं एक सांगतो. एमवायबीपीसी३ नावाच्या जीनमधली २५ अक्षरं गळालेला एक प्रकार आहे, तो आपल्या उपखंडात साधारण ४ टक्के लोकांत आढळतो आणि उतारवयात हृदय कमजोर व्हायची शक्यता वाढवतो. परदेशी लोकांवरच्या अभ्यासातून हे कळलं नसतं, म्हणून आपल्याच लोकांचे जीनोम (म्हणजे सगळा मजकूर) वाचायला हवेत. जीनोम इंडिया ह्या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला केला.

आमचे घारे डोळे आहेत, आम्ही मूळचे परदेशी का?

डोळ्यांचा रंग मुख्यतः दोन शेजारी जीनच्या आसपासच्या काही अक्षरांवर ठरतो. ३०० कोटींतल्या त्या चार अक्षरांवरून घराण्याचं गाव सांगणं म्हणजे अंधारात तीर. दहा पिढ्या मागे गेलात तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, त्यातल्या एका ओळीचं आडनाव तुमच्याकडे आलंय, बाकीच्यांचं काय?

भारतातल्या बहुतेक सगळ्या समाजांत जुन्या दोन मोठ्या गटांची सरमिसळ आहे, ती साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि नंतर जातीत जात लग्नं सुरू झाली असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. थोडक्यात, शुद्ध वगैरे कुणी नाही.

मग कोकणातल्या कुणाची जुनी गोष्ट डीएनएने खरी ठरली का?

ठरली, बऱ्यापैकी. रायगडातले बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, ज्यांना आपण शनवार तेली म्हणायचो कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. त्यांची सांगी अशी की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, तेच मूळ पुरुष. कागद नाही, काही नाही, म्हणून लोक शंका घ्यायचे. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोन्ही अंश ठळक दिसले. सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची निघाली, आणि ज्यू अंश जास्त करून पुरुषांकडून तर भारतीय अंश जास्त करून बायकांकडून आलेला. म्हणजे समुद्रापलीकडून आल्याची आठवण खरी, पण सात जोडप्यांऐवजी बाहेरून आलेले बाप्ये आणि इथल्या बायका असं चित्र निघतं. जहाज फुटलं का, किती वाचले, हे डीएनए सांगू शकत नाही, ते नवगावच्या किनाऱ्यालाच माहीत.

जंजिऱ्यामुळे सिद्दींचंही विचारतात. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या डीएनएत आफ्रिकेचा अंश स्पष्ट आहे, भारतीय सरमिसळ साधारण दोनेकशे वर्षांपूर्वीची. गोवा, कुमठा, मंगळूरच्या कॅथलिकांवर २०२१ मध्ये अभ्यास झाला, त्यात ते गौड सारस्वतांना जवळचे निघाले.

ऑनलाइन किट मागवू का?

मौज म्हणून मागवायचं तर मागवा. पण टक्केवारी त्या कंपनीकडे कुणाचे नमुने आहेत त्यावर ठरते, "दक्षिण आशियाई ९८ टक्के" हे कळायला पैसे कशाला? आणि डेटाचं बघा. ट्वेंटीथ्री अँड मी ह्या कंपनीतून २०२३ मध्ये ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. शिवाय तो फक्त तुमचा नसतो. अमेरिकेत २०१८ मध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकातला एक खुनी पकडला तो त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या माहितीवरून. आपल्याकडे डीएनएसाठी वेगळा कायदा आणायचं विधेयक होतं, ते जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

हापूस देवगडचा की कर्नाटकातला, ते डीएनएने कळेल का?

नाही! जात कळेल, गाव नाही. हापूस कलमाने वाढतो, म्हणजे सगळी झाडं जवळपास एकाच डीएनएची, ते कलम देवगडच्या कातळावर लावा नाहीतर धारवाडला. चवीतला फरक माती-वाऱ्याचा. हापूस म्हणून दुसरीच जात विकत असेल तर मात्र पकडता येईल. मटण की रानडुक्कर, हे मात्र डीएनएने झटकन कळतं, वनखातं वापरतं, तेव्हा जपून.

टेस्टला उपाशीपोटी यायचं का?

गरज नाही. गालातून बोळा घेणार असू तर अर्धा तास आधी चहा, पान, तंबाखू काही नको, चूळ भरून या. गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा कधीही बोन मॅरो बदललं असेल तर आधी सांगा, मॅरोनंतर रक्तात दात्याचा डीएनए दिसतो. आधार कार्ड आणा, आणि लहान मुलाला आणणार असाल तर त्याच्यासमोर भांडू नका. रविवारी दुपारी बंद.